चौतीस मिनिटं

अगादेझ. वीज गेलेली.
लॅपटॉपमध्ये उरलेत नऊ टक्के
आणि तहाबितचा अर्ज उघडाच.
लघुपट : तीस मिनिटांच्या आत.
तिचा चौतीसचा.

जास्तीची चार म्हणजे
खोल विहिरीतून वर येणारी एक बादली.
उंट दूर दूर जातो, दोर ताणतो,
कप्पी कुरकुरते.
बाकी काहीच घडत नाही.

‘काप की,’ भाऊ म्हणाला,
‘वागाडुगूत पाणी नळाला येतं.’

म्हातारा अखमूक मात्र
पडद्यासमोर चारही मिनिटं
घसासुद्धा न खाकरता बसला होता,
आणि बादली काठाला लागताच
त्यानं नकळत ओंजळ पुढे केली होती.

ती अवधीच्या रकान्यात लिहिते : ३४.
‘पाठवा’वर बोट टेकवते.
दाबत नाही, उचलतही नाही.

शेजारचा जनरेटर
खोकत खोकत थांबतो.
सहा टक्के.