एक सूत

पाय तिरके हवेत, मी म्हणाले,
प्रेसच्या क्वार्टरमध्ये रेडिओखाली होते तसे,
खाली निमुळते, पितळी टोप्या घातलेले.
दगू मिस्त्री हसला,
"असलं आता कोण करतं? मॉड्युलर घ्या, ताई,
चार तासांत बसवून देतो."

मग मीच.
भद्रकालीतून जुन्या सागाच्या फळ्या,
रिक्षातून अर्ध्या बाहेर डोकावत,
सिडकोपर्यंत रिक्षावाल्याची बोलणी.

गॅलरीत रंधा.
भुसा उडाला तो थेट
वैजयंताबाईंच्या नागलीच्या पापडांवर.
त्या काही बोलल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी खुर्ची घेऊन आल्या,
बघत बसल्या.

तीन खण बसले.
चौथा अडला: एक सूत जास्त.
घासला.
आता एक सूत कमी.
ओढला की खडखडतो,
नेमका तसाच,
रात्रपाळीहून आलेले अण्णा
अंधारात घड्याळ ठेवायचे तेव्हा,
आम्हाला जाग येऊ नये म्हणून
इतक्या हळू
की सगळ्यांनाच यायची.

वैजयंताबाई म्हणतात, आतून पट्टी मारून घ्या.
घेईन.
टोप्याही अजून मिळालेल्या नाहीत.
सध्या त्यात
फक्त माझं घड्याळ आहे.