समुद्राक काय म्हणतत

ह्यांचा डावा कान इंजिनरूममध्ये गेला.
उजवा मागाहून गेला, सवडीने.
एकोणीस वर्षं फिटर, त्यातली सात
हाँगकाँगच्या लाम सूकच्या पाळीत.
सूक म्हणजे काका, एवढं मलाही ठाऊक आहे.

चेडू फर्गान्याला डॉक्टरकी शिकतं, तिसरं वर्ष.
थंडीच्या सुट्टीत आलं ते
मोहीरा खोलाने दिलेले जर्दाळू घेऊन.
खोला म्हणजे मावशी. तिच्याकडेच भाड्याने राहतं.

आता दोघं पडवीत. मी आडाळ्यावर,
पुढ्यात बावीस बांगडे.

ऐक, हे म्हणाले. सी.
आणि हात धरला वर, वाशांकडे: कविता.
खालून वर नेला: इतिहास.
मध्येच थोपवला: परीक्षा.
पार तळाला सोडला: वेळ.
तळातून जरासा उचलला: बाजार.
मग गुडघ्याच्या उंचीवर सरळ: काम, भानगड, काय वाटेल ते.
सहाही वेळा नुसतं सी.
देवगडच्या जेट्टीला बांधलेली होडी
दिवसभरात जेवढी चढते-उतरते,
तेवढाच तो हात.

चेडवाने म्हणून बघितलं.
हे त्याच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे नाही.
बरोबर, म्हणाले.
पाचवा सी दुसऱ्यासारखाच लागला होता,
माझ्या कानांना कळलं.
मी बांगड्याचं पोट फाडलं.

मग त्याने आपली उझबेक काढली.
तिथे हात हलवावा लागत नाही. तिथे गाथण:
उय, घर. इंगिझ, तुमचं. दा, त्यात.
गि, तिथलं. लार, पुष्कळ. गा, त्यांना.
उयिंगिझदागिलारगा सालोम,
निघताना खोला म्हणाली. तुमच्या घरातल्यांना.
त्यात काय, मी म्हटलं,
घर, घरात, घरातले, घरातल्यांका.
आये, तुका अर्धी येताच की, म्हणालं.

लाम सूककडे तो आणि ती एकच: खोय.
खोलाकडेही एकच: उ.
ह्यावर बापलेक फार खूश झाली,
जसं काही दोन गाववाले एस.टी.त भेटले.
मी मीठ लावत राहिले.
सव्वीस वर्षं ह्या माणसाला मी 'हे' म्हणते
आणि ह्या पोरीला 'तां', रोपासारखं.
'तो' एकदाच म्हटलं.
जहाजाला आग लागली तेव्हा ऑफिसातून फोन आला.
तो असा मां? मी विचारलं.
त्या 'मां'सारखं लाम सूककडे वाक्याच्या शेवटी
आ लावतात म्हणे, वो लावतात, ला लावतात.
खोलाकडे काय लावतात ते विचारायचं राहिलं.

दर्या म्हणजे तिथे नदी, चेडू म्हणालं.
हे भडकले. न्हंयेक दर्या?
समुद्र नाहीच त्यांच्या देशाला,
शेजारच्या देशांनाही नाही.
खोलाने एकसष्ट वर्षांत बघितलेला नाही.
परवा फोनवर लाटा ऐकवल्या,
तर तिने विचारलं, हे बंद कधी करतात?

मगे समुद्राक काय म्हणतत?
देंगिझ.
आणि तुमच्या लाम सूककडे?
मी उजव्या कानापाशी ओरडले.
होय.
होय नको, शब्द सांगा.
होय! हे ओरडले,
हात खालून वर नेत.
चेडू पोट धरून हसत होतं.
मला कळायला दोन बांगडे लागले.

सोमवारी ते जाईल.

संध्याकाळी हे खळ्याच्या टोकाला उभे,
तारामुंबरीच्या खाडीकडे तोंड.
जेवूक येतास मां?
मी चुलीपासूनच हाक दिली.
होय, म्हणाले, पाठमोरेच.

हात खिशात होते.