लाइन धरून ठेवा

कूसामोत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं.
आई चुलीत दोन लाकडं सारते, मग त्या खोलीत जाते
जिथे रायमोचा जुना कॉम्प्युटर
रात्रंदिवस घुमत असतो.
मांजर त्याच्या पाठीला पाठ लावून.
वर, फडक्याखाली, राईच्या पिठाचं आंबवण.
"ऊब फुकट जायला नको," म्हणते.

फुकट कसली, आई. विजेचं बिल मी भरते.

दूर कुठल्याशा बेटावर, डोंगराच्या खळग्यात,
एक भलीमोठी थाळी आभाळाचा आवाज झेलते
आणि त्याचे तुकडे घरोघर वाटते,
एकशे सात सेकंदांचा एकेक घास.
पोर्तुगालमधला कुणी न्हावी, ओसाकातली कुणी नर्स,
आणि इथे लेम्पी मुस्टोनेन, वय एकोणऐंशी,
आपापल्या वाट्याचं आभाळ पाखडतात.
म्हणजे पाखडतं मशीनच. आई नुसती सुपाशी बसते.

पडद्यावर रंगीत सुळके उगवतात, सरकतात.
तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही.
तरी चष्मा पुसून बघते,
दुसऱ्याचं तान्हं सांभाळायला घ्यावं तशी.

एकतीस वर्षं ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती.
कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, समोर भोकांची भिंत.
तिच्या कानावरून लग्नं जुळली, जमिनी विकल्या गेल्या,
तळ्यात बुडालेला एक माणूस त्याच्या घरी कळवला गेला.
बोलणं ऐकायचं नाही असा नियम. ती ऐकत नसे.
शांतता ऐकू नये असा नियम मात्र नव्हता.

"सगळ्या शांतता सारख्या नसतात गं," पीठ तिंबता तिंबता सांगते,
"तार तुटली की कोरडी.
तारेवर बर्फ साचलं की जड, ओलसर.
आणि पलीकडे माणूस असून बोलत नसला
तर ती
भरलेली असते."

रायमो वडिलांशी वाजल्यावर गोथेनबर्गला गेला,
गोदीत कामाला.
सहा वर्षं दर रविवारी रात्री फोन वाजायचा.
आई उचलायची. तिकडून काही नाही.
ठेव, राँग नंबर आहे, वडील म्हणायचे, टीव्हीवरून नजर न काढता.
ती ठेवायची नाही.
काय शिजवलं ते सांगायची,
तळं किती बोटं गोठलं, कुणाची गाय व्याली.
मग गप्प राहायची, तो राहील तितका वेळ.
शेवटी खट्.

पुढे फोन यायचा थांबला. खोकं आलं.
त्यात हा कॉम्प्युटर, दोन स्वेटर, घरमालकिणीची चिठ्ठी.
प्लग लावला तसं हे सगळं आपसूक सुरू झालं,
जणू कुणी चहाला उठून गेलं होतं.
कोपऱ्यात नाव: रायमो एम.
आईने ते बदललं नाही.
आभाळाचा हिशेब अजून त्याच्याच खात्यावर चढतो.

गेल्या मंगळवारी मी विचारलं, जरा चिडूनच,
"इतक्या वर्षांत सापडलं काय?"
तिने वही पुढे केली. पानंच्या पानं तारखा,
प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द.
नाही. नाही. नाही.
मध्येच एका ठिकाणी, पेन्सिलीने:
नाही, पण बराच वेळ.

मी वही मिटली.
आंबवण फडक्याला भिडलं होतं.
तेवढ्यात पेटीतला पंखा थांबला,
आणि आम्ही दोघी, मांजरसुद्धा,
तिच्याकडे बघत राहिलो.

मग घरघर पुन्हा सुरू झाली.
पुढचा तुकडा उतरला असावा.

आई दिवा मालवायला उठली आणि जाता जाता पडद्याला म्हणाली,
कामावरच्या त्या आवाजात, जो मी एकदाच ऐकला होता,
सात वर्षांची असताना, तिचा डबा पोचवायला गेले तेव्हा:
"लाइन धरून ठेवा."

या महिन्याचं बिल एक्केचाळीस युरो आलं.
भरलं.