तपासणी

तीन दहाला उठतो.
उठतो म्हणजे काय, पडलेलाच असतो,
फक्त झोपल्याचं नाटक थांबवतो.

जेल रोडची कुत्रीसुद्धा या वेळी दमलेली असतात.
स्टेशनातून बाईचा आवाज येतो,
कुठलीशी गाडी दोन तास उशिराने धावत आहे,
गैरसोयीबद्दल खेद आहे.
चला, कुणाला तरी खेद आहे.

सव्वीस वर्षं प्रेसमध्ये तपासणीला होतो.
शीटमागून शीट डोळ्यांखालून.
शाई फुटलेली, भोकं सरकलेली,
रंग केसभर इकडे. की लाल पेन्सिल.
चांगली शीट कधी आठवत नाही,
चांगली म्हणजे पुढे गेलेली.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली,
डोळे अजून कामावरच.
रात्रभर शीट येत राहतात:
अठ्ठ्याऐंशी साली धाकट्याला बोललो ते,
आईचा रिपोर्ट आणायला लावलेला उशीर,
व्याह्यांसमोर नको तिथे हसलो ते.
एकही पुढे जात नाही.

डॉक्टर थेटेंनी पहिलं विचारलं, झोप कशी आहे?
म्हटलं, झोपेचं राहू द्या,
मला काही वाटेनासं झालंय.
यंदा द्राक्षं आली न् गेली, चव कळली नाही.
म्हणाले, मी तेच विचारतोय.
मग आधी काय बिघडलं, झोप की मन?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
एका ताटात जेवतात हो दोघं,
आधी हात कुणी घातला, आता काय सांगणार.

गोळी दिली. आणि एक वही:
कधी पडलात, कधी उठलात, लिहायचं.
तीन आठवडे तेच ते.
पडलो ११. उठलो ३.१०.
पडलो ११. उठलो ३.१०.
कुमुद म्हणते, घरखर्च कधी एवढा नेमका लिहिला नाहीत.

भोंगा झाला की पाय अजून चपला शोधतात.
मग आठवतं.
मग पुन्हा आडवं व्हायचं, उजेडात,
ते जास्त वाईट.

मंगळवारी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो.
पुढचं मला माहीत नाही.
वहीत आहे, तिच्या तिरक्या अक्षरात:
दु. १.२० ते २. खुर्चीत. तोंड उघडं.
सिलेंडरवाला आलेला, खुणेनं परत पाठवला.
शेंगा मी सोलल्या.

ओळ नीट तपासली.
सिलेंडर नाही, सिलिंडर.
असू दे.

त्या रात्री उठलो तीन पंचवीसला.