जिंतूरला शीड आलं

एसटीच्या पार्सल खिडकीवर सही करताना
कारकुनानं विचारलं, काय मिस्त्री, मांडव का?
मी म्हणालो, शीड.
त्यानं रजिस्टरात लिहिलं : कापड, जुने, एक नग.
चुकीचं नव्हतं.

तीन हजार दोनशे, वर भाडं एकशे ऐंशी.
अलिबागच्या माणसानं फोनवर खरं तेच सांगितलं होतं :
दोन ठिगळं आहेत, खालची कड उन्हानं गेलीय,
पोट सैल झालंय, शर्यतीला चालायचं नाही.
शर्यत लावू कुणाशी?
येलदरीच्या पाण्यावर शिडाची होडी एकच होणार,
तीसुद्धा अजून माझ्या दुकानामागं
जळक्या मोटारींच्या रांगेत पालथी.

पाटबंधाऱ्याच्या लिलावातली ती.
कुण्या साहेबाची जुनी हौस.
भंगारवाले लोखंड बघायला आले होते,
ती लोखंडाची निघाली नाही
म्हणून मला मिळाली.
डोलकाठी गायब, दोर गायब, सुकाणू वाळवीनं खाल्लेलं.

दुकानाच्या फरशीवर शीड उलगडलं, मावेना.
शटर वर केलं तर टोक रस्त्यावर गेलं.
प्रयाग म्हणाली, कामून एवढं मोठं?
वरच्या कोपऱ्यात निळा आकडा, ४१७.
शिवणीत काही पांढरं साचलेलं.
नखानं खरवडून जिभेवर ठेवलं.
साठ वर्षांत समुद्र मला एवढाच भेटला.

डोलकाठीला तुषार सिंचनाचा पाइप, मोडीतला.
बाक नसलेला सापडायला चार रविवार गेले.
कप्प्या बंद पडलेल्या टाकीजच्या पडद्याच्या,
तेल दिलं आणि फिरल्या.
शिडातल्या पट्ट्या लिंबाजी बुरुडानं बांबूच्या तासून दिल्या,
पैसे घेईना, म्हणाला, सुपाहून सोपं काम.
मैनुद्दीनभाई ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
जुन्या ठिगळाची कड उलटी करून बराच वेळ बघितली.
'जिसने सिया, हात अच्छा था उसका.'
मग त्याच भोकांतून नवा दोरा घातला.

इथवर सगळं जुनंच. ताणाच्या तारेपाशी अडलो.
डोलकाठीला तीन ताण लागतात,
विजेच्या खांबाला असतात तसे.
भंगारात तार होती, किलोवर, स्वस्त.
हातातून ओढून बघितली तर दोन ठिकाणी बोटाला टोचली.

बोरीच्या एका माणसाची मोटार मी भरून दिली होती,
साडेसात हॉर्सपॉवर, तांबं अस्सल.
त्यानं दोरात ऐंशी रुपये वाचवले.
तीनशे फुटांवर मोटार गेली, वर मुठीत दोराचं टोक.
तो बोअरच्या तोंडाशी कान लावून बसला होता,
जसं काही खालून कुणी हाक मारणार.

तार नवी घेतली. गंज न धरणारी, मीटरवर.
शिडाहून महाग पडली.
प्रयागनं बिल दोनदा वाचलं, बोलली नाही,
फक्त त्या रात्री भाजीत तेल कमी होतं.

शीड वर ओढायचा दोरही नवाच.
दुकानदार म्हणाला, बोअर किती खोल?
खोल नाही, म्हटलं. उंच. एकोणीस फूट.
त्यानं मोजता मोजता माझ्याकडं बघितलं
आणि हातभर जास्त दिला.

काल होडी सुलटी केली.
प्रयागनं दोन्ही हातांनी डोलकाठी धरली,
पदर खोचलेला, गाल पाइपाला टेकलेला.
मी पुढचा ताण आवळला, मग डावा, मग उजवा,
बोटानं वाजवून बघितले,
एक जरा उतरता वाजला, पुन्हा अर्धा आटा.
'सोडू का?' थांब.
'हात भरून आले, सोडू का?'
सोड.

ती सोडून चार पावलं मागं गेली, मीही.
मोटारींच्या रांगेत एकोणीस फूट
नुसतंच उभं राहिलेलं काहीतरी,
वर एक चिमणी येऊन बसली, तेवढं वजन पेललं.

सुकाणू अजून व्हायचंय.
बाभळीची फळी बघून ठेवलीय, भाव जमला नाही.