खिंडीची चाल

घोरपडी बाजारात माझं दुकान.
बुटांचे तळवे, पट्टे, होल्डॉलच्या चेना,
आणि वर्षातून दोनदा
रणपिसे सुभेदारांच्या बॅगपाइपची पिशवी.
काखेखाली जिथे दाब पडतो
नेमकी तिथेच उसवते.

दोन पदरी शिवण घालतो, दोऱ्याला मेण,
आत गुळाचं कोमट पाणी फिरवून
रात्रभर उलटी टांगतो खिळ्याला.
थेंब पडतो तिथे मुंग्यांची रांग लागते.

सकाळी ते येतात, नळ्या खोचतात.
खांद्यावरचे तीन सूर आधी लागतात,
सनईवाल्यामागे सूर धरून एक जण बसतो ना, तसे,
फक्त इथे कुणी बसलेलं नसतं.
मग बोटं.

नऊच स्वर, म्हणाले. लढाया किती झाल्या बघ,
सगळ्या एवढ्यातच बसवल्यात.
उठायची चाल वेगळी, जेवणाची वेगळी,
निशाण उतरवायची वेगळी.
आणि ही खिंडीची.
कुठली खिंड, ते उस्तादांनाही ठाऊक नव्हतं.
कुणी गोरा पायपर होता,
बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यावर
खिळ्यानं कोरली होती त्यानं.

तिसऱ्या फेरीत एके जागी ती अडते.
अर्धी मात्रा.
मला वाटलं, शिवण गेली.
सुई घेऊन उठलोसुद्धा.

"बस खाली. तुझी शिवण ठीक आहे.
तिथं तो पडला.
पिशवीत उरली होती तेवढी हवा वाजली,
मग मागच्यानं पाइप उचलला आणि पुढचं धरलं.
पत्र्यावर नाही ही अर्धी मात्रा.
आम्हाला मात्र घोटून घेतली उस्तादांनी.
ती चूक चुकली की छडी."

पैसे मोजून ठेवले, पिशवी काखेत मारली,
आणि साळुंके विहारच्या बसला लागले.

परवा वानवडीला एका लॉनवर दिसले,
भाड्याच्या तुकडीत, भाड्याचा लाल कोट,
बाह्या बोटभर आखूड.
घोड्याजवळून कुणी ओरडलं,
काका, जरा दमदार होऊ द्या!
सुभेदारांनी तीच लावली.

नवऱ्याचा मामा नाचत होता, तोंडात नोट धरून.
त्या अर्ध्या मात्रेला
त्याचा एक पाय वरच राहिला.
इकडेतिकडे बघून हसला,
मग टेकवला.

मी कुंपणाबाहेर, स्कूटर बंद करून,
शिवण ऐकत होतो.
हवा सोडत नव्हती.