मागच्या दाराने

खोंगोरझुलचा पुढचा दात काल रात्री पडला
आणि लोकरी तंबूत सण झाला.
आजोबांनी मेंढीच्या शेपटीची चरबी कापली,
तांदळाएवढा तो दात तिच्यात दडवला,
म्हणाले, उजाडलं की खासारला चारायचा.
त्याच्यासारखे दात येतात मग,
लांडगासुद्धा वाट सोडतो असे.

मी जीपमधून खुर्ची उतरवत होते.
घडीची खुर्ची, उकळून आणलेल्या सुया,
आणि जनरेटर, जो उणे वीसला
माझ्याहून जास्त कुरकुरतो.
दोनशे किलोमीटर आले होते
ह्या लुवसानदोर्ज आजोबांच्या एका दाढेसाठी.
चारच दात उरलेत त्यांना.
एकाने वाळल्या दह्याचा खडा फोडतात.
बाकीचे तिघे, म्हणतात, बघे.

ती रांगेत नव्हतीच. सहज म्हटलं, आ कर.
तिने आधी खिडकी दाखवली, नवीकोरी,
त्यातून जीभ काढून.
मग मी आरसा आत नेला,
शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे,
आणि तिथे ती होती.

पहिली कायमची दाढ.
ती कुणाच्या जागी येत नाही.
तिच्यासाठी कुणी हललं नाही, पडलं नाही,
उशीवर रक्ताचा ठिपका नाही,
चरबी नाही, कुत्रा नाही.
सहाव्या वर्षी मागच्या दाराने येते
आणि न बोलता कामाला लागते.
घरच्यांना वाटतं, दुधाचीच असेल, पडेल.
ती पडायची नसते.
पडलीच, तर तिच्यामागे कुणी यायचं नसतं.

खाचेत काळी रेघ.
सुई टेकवली. सुई रुतली.

गोळ्या कोण देतं, विचारलं.
आई चुलीत शेणी सारत राहिली.
मामा. उलानबातरहून, डबा भरून.
झोपताना एक. रडली तर एक.

सांगितलं मग, नेहमीचंच.
साखर दात खात नाही, बाई.
साखर खाणारे वेगळेच, डोळ्यांना न दिसणारे,
ते जेवतात आणि आंबट उष्टं तिथेच टाकतात.
लाळ धुऊन काढते, थोडी डागडुजीही करते,
पण तिला दोन खाण्यांमध्ये उसंत लागते.
वरचं कवच हाडाहून कठीण,
तरी हाडासारखं सांधत नाही.
ते बांधणारे गवंडी
दात उगवायच्या आतच निघून गेलेले असतात,
पत्ता न ठेवता.
वीस वर्षं हे सांगून
माझ्याच दाताच्या कण्या झाल्या.

रेघ कोरली. मोहरीएवढी निघाली.
भरण भरलं, निळा दिवा धरला, मोजले वीस आकडे,
तिनेही मोजले, आ केलेल्या तोंडाने, नुसते स्वर.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरतं.

तेवढ्यात बाहेर खासारने चरबी चाटूनपुसून खाल्ली
आणि दात बर्फावर ठेवून दिला.

पोर रडत आत आली. घेतलाच नाही त्याने!
आजोबांना काही सुचेना.
आई माझ्याकडे बघू लागली, जणू
ह्यावरही माझ्या पेटीत काही असेल.

जीभ मागे ने, मी म्हटलं.
आणखी मागे. लागली?
ती कधीच देऊन गेलाय तो.
आता उधारी आपली.

ती तशीच उभी राहिली, गाल फुगवून,
जिभेने अंधारात चाचपत.
आजोबा खुर्चीत बसले. टोपी मांडीवर घेतली.
म्हणाले, चल,
आता माझे बघे बघ.